तिसरे सालारजंग
मीर युसुफ अली खान, तिसरे सालारजंग (१३ जून १८८९, पुणे – २ मार्च १९४९, हैदराबाद) हे हैदराबाद संस्थानाचे दिवाण व कलासंग्राहक होते. १९१२ मध्ये मिळालेले दिवाणपद १९१४ मध्ये सुटल्यावर त्यांनी उर्वरित आयुष्य व जहागिरीचे उत्पन्न संग्रहासाठी वेचले. आजोबांपासून चालत आलेल्या संग्रहात त्यांनी युरोपीय काचसामान व घड्याळे, चिनी मातीची भांडी, हस्तिदंती वस्तू, इराणी गालिचे व काश्मिरी शालींची भर घातली. ते अविवाहित होते. थेट वारस नसल्याने त्यांच्या निधनानंतर संग्रह विखुरण्याची शक्यता होती. मात्र तो दिवाण देवडी या त्यांच्या निवासस्थानी मांडण्यात आला आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते सालारजंग संग्रहालयाचे उद्घाटन झाले. १९६१ मध्ये संसदेच्या कायद्याने संग्रहालयाला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. १९६८ पासून ते मुसी नदीकाठच्या इमारतीत आहे.