खेळण्यांच्या दुकानातला किमयागार

आपल्याला जशी दिवाळी, तसा फ्रान्सच्या घराघराला नाताळ. मध्यरात्रीची प्रार्थना आटोपून घरी परतावे, सर्व कुटुंबाने एकत्र बसून जेवावे, शेवटी लाकडाच्या ओंडक्याच्या आकाराचा केक कापावा आणि मुलांनी सकाळी उठून खेळणी शोधावीत, असा तेथला परिपाठ. १८९५ साली याच सणाच्या आठवड्यात, २८ डिसेंबर रोजी, पॅरिसच्या ग्रँड कॅफेच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून चलच्चित्रांचा पहिला खेळ केला. त्या दिवशी प्रेक्षकांत चौतीस वर्षांचे एक जादूगार बसले होते. जॉर्ज मेलिएस हे त्यांचे नाव. पडद्यावरची चित्रे हलू लागताच या गृहस्थांच्या आयुष्याला जे वळण लागले, त्याची ही हकिकत आहे.

मेलिएस यांचा जन्म ८ डिसेंबर १८६१ रोजी पॅरिस येथे झाला. वडिलांचा उंची पादत्राणांचा कारखाना होता. मुलाला चित्रकलेचे शिक्षण घ्यावयाचे होते; परंतु घरच्या धंद्यापुढे या हौसेचे काही चालले नाही आणि त्यांना कारखान्यात काम करावे लागले. तेथील यंत्रे दुरुस्त करता करता त्यांच्या हाताला जे वळण मिळाले, ते पुढे फार उपयोगी पडले. १८८४ साली वडिलांनी त्यांना लंडनला धाडले. इंग्रजी बेताचेच असल्यामुळे तेथील नाटके त्यांना नीटशी समजत नसत. परक्या गावी भाषेवाचून करमणूक कोठे मिळेल, याचा शोध घेता घेता ते ‘इजिप्शियन हॉल’ या जादूच्या रंगभूमीवर पोहोचले आणि तेथेच रमले. आपणांपैकी जे बदलीच्या निमित्ताने अपरिचित भाषेच्या मुलखात प्रथम उतरले असतील, त्यांना या अनुभवाचे मर्म निराळे समजावून सांगावयास नको. १८८८ साली कारखान्यातील आपला वाटा भावांना विकून मेलिएस यांनी पॅरिसमधील रोबेर-उदँ हे जादूच्या प्रयोगांचे नाट्यगृह विकत घेतले.

अशा माणसाला चलच्चित्रांचे यंत्र दिसल्यावर तो स्वस्थ कसा बसणार? त्यांनी ते तत्काळ मागितले. ल्युमिएरांकडून नकार मिळाला. मग लंडनहून रॉबर्ट पॉल यांच्या बनावटीचे यंत्र आणून, त्याच्या रचनेचा अभ्यास करून मेलिएस यांनी स्वतःचा कॅमेरा सिद्ध केला. एकदा पॅरिसच्या ऑपेरा चौकात चित्रण चालू असता यंत्र क्षणभर अडकले. ते पुन्हा सुरू होईपर्यंत रस्त्यावरची वाहने पुढे सरकली होती. फिल्म पडद्यावर पाहताना प्रवाशांनी भरलेल्या गाडीची एकाएकी शववाहिका झालेली दिसली. ही आठवण ते स्वतः सांगत असत. यंत्राचा हा खोळंबा दुसऱ्याला दोष वाटला असता. या जादूगाराला त्यात आपली विद्या दिसली. कॅमेरा थांबवावा, वस्तू बदलावी, पुन्हा सुरू करावा. म्हणजे माणूस अदृश्य करता येतो, त्याची वस्तू करता येते आणि वस्तूचा माणूसही.

१८९७ साली पॅरिसलगतच्या मोंत्रय येथील कुटुंबाच्या बागेत त्यांनी काचेच्या भिंतींचे आणि काचेच्या छपराचे चित्रगृह उभारले. कथा, दिग्दर्शन, पडदे, पोशाख आणि मुख्य भूमिका ही सारी कामे बहुधा तेच करीत. त्या काळच्या फिल्मवर रंगांच्या छटा विपरीत उमटत, म्हणून देखावे करड्या रंगातच रंगवावे लागत. छापून झालेल्या फिल्मच्या काही प्रतींना मात्र एलिझाबेथ तुइलिए या बाईंच्या कार्यशाळेतील स्त्रिया कुंचल्याने रंग भरीत. नखाएवढ्या एकेका चित्रावर हाताने रंग! आपल्याकडील पैठणी विणणाऱ्यांच्या चिकाटीचीच येथे आठवण व्हावी.

सणाच्या दिवसांशी या चित्रांचे नाते फार जवळचे होते. ‘सिंड्रेला’ १८९९ साली आले. १९०० सालच्या ‘नाताळचे स्वप्न’ या चित्रात झोपी गेलेली मुले आहेत, बर्फाने झाकलेले छप्पर आहे, घंटा आहेत, खेळणी आहेत, आणि मेजवानीच्या दालनात एका भिकाऱ्याला मानाने पानावर बसविण्याचा प्रसंगही आहे. १९०४ साली त्यांनी नाताळच्या रात्री बर्फात भीक मागणाऱ्या मुलीची कथा चित्रित केली. फ्रान्समधील प्रतीत ती मुलगी मरते आणि देवदूत तिला घेऊन जातो. परदेशी धाडलेल्या प्रतीत एक श्रीमंत जोडपे तिला वाचवते. त्याच वर्षीच्या ‘स्वयंपाकघरातील चेटूक’ या चित्राचा थाट तर अगदी वेगळा. दारी आलेल्या याचकाला एक आचारी हाकलून देतो. तो याचक निघतो मांत्रिक! मग भांड्याकुंड्यांतून सैतानाची पोरे उड्या मारीत बाहेर पडतात, चुलीभोवती धुमाकूळ घालतात आणि शेवटी खुद्द आचारीच पातेल्यात जातो. फ्रेंच माणसाला आपले स्वयंपाकघर देव्हाऱ्यासारखे प्रिय. त्याच ठिकाणी दारचा पाहुणा विन्मुख गेला, याची ही शिक्षा. हसता हसता सांगितलेला हा गृहस्थधर्म आपल्याही परिचयाचा आहे.

१९०२ साली ‘चंद्रावरची सफर’ हे सुमारे चौदा मिनिटांचे चित्र प्रसिद्ध झाले. चंद्राच्या डोळ्यात घुसलेला तोफगोळा आज जगभर ओळखला जातो. या चित्राने कीर्ती अमाप दिली. पैसा मात्र पुष्कळसा इतरांच्या पदरी पडला. अमेरिकेत त्याच्या चोरून छापलेल्या प्रती सर्रास विकल्या गेल्या. अखेर १९०३ साली बंधू गास्तों यांना न्यूयॉर्क येथे धाडून मेलिएस यांना आपली शाखा उघडावी लागली. त्यांच्या चित्रांचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकणारे खेळवाले. ते फिल्म विकत घेत. पुढे मोठ्या कंपन्यांनी फिल्म भाड्याने देण्याची पद्धत रूढ केली, लोकांची आवडही पालटली. एकहाती चाललेल्या या कारागिराला त्या गतीशी जमवून घेता आले नाही. १९११ साली पाते कंपनीकडून पैसे घेताना त्यांनी मोंत्रयची मालमत्ता तारण ठेवली. त्यानंतरची चित्रे पडली.

१९१३ च्या मे महिन्यात मेलिएस यांच्या पत्नी यूजेनी यांचे निधन झाले, आणि त्याच वर्षी त्यांची चित्रनिर्मिती कायमची थांबली. योगायोग असा, की त्याच मे महिन्याच्या ३ तारखेस मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. दादासाहेबही जादूचे प्रयोग करीत, आणि आपलेच आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवीत. त्यांचेही चित्रगृह घरगुती. सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही करीत. एका देशात दिवा मालवत असता दुसऱ्या देशात तशीच ज्योत पेटावी, हा काळाचा खेळ विलक्षणच म्हटला पाहिजे.

पहिल्या महायुद्धात मेलिएस यांच्या कितीतरी प्रती सैन्याने वितळविल्या आणि त्यांच्या सेल्युलॉइडपासून बुटांच्या टाचा केल्या. पादत्राणांच्या कारखान्यातून जो मुलगा हट्टाने बाहेर पडला, त्याची स्वप्ने अशी पुन्हा जोड्यांतच जाऊन बसली! १९२३ साली मोंत्रयची मालमत्ता गेली आणि रस्त्याच्या विस्तारासाठी त्यांचे नाट्यगृह पाडले गेले. फिल्मच्या मूळ प्रती ठेवावयास जागा उरली नाही. उद्वेगाच्या भरात मेलिएस यांनी त्या स्वहस्ते जाळून टाकल्या.

१९२५ साली त्यांनी आपल्या चित्रांतील जुन्या अभिनेत्री जान दाल्सी यांच्याशी विवाह केला. दोघे मिळून माँपार्नास रेल्वे स्टेशनातील खेळण्यांचे व गोळ्या-मिठाईचे छोटे दुकान चालवू लागले. सुटी नाही, थंडीवाऱ्यापासून आडोसा बेताचाच. ज्या मुलांना त्यांनी एके काळी चंद्रावर नेऊन आणले, त्यांचीच मुले आता त्यांच्या हातून भोवरे आणि बाहुल्या विकत घेत होती. विकणारा कोण, हे कोणास ठाऊक नव्हते.

१९२६ साली एका चित्रपट-नियतकालिकाच्या संपादकांनी त्यांना ओळखले. पुढे जुन्या चित्रांचा शोध सुरू झाला, तेव्हा नॉर्मंडीतील एका वाड्याच्या दूधघरात फिल्मचा साठा सापडला. एका मोठ्या दुकानात गिऱ्हाइकांच्या मुलांना रिझविण्यासाठी त्या एके काळी दाखवीत असत. १६ डिसेंबर १९२९ रोजी, पुन्हा नाताळच्याच सुमारास, पॅरिसच्या साल प्लेयेल सभागृहात मेलिएस यांचा जाहीर सत्कार झाला आणि सापडलेली चित्रे दाखविण्यात आली. १९३१ साली त्यांना ‘लेजिओं द ऑनर’ हा सन्मान मिळाला. तो प्रदान करणारे होते लुई ल्युमिएर! १९३२ पासून पत्नी व नात मादलेन यांच्यासह ते ओर्ली येथील चित्रपट-व्यावसायिकांच्या विश्रामगृहात राहिले. २१ जानेवारी १९३८ रोजी त्यांचे देहावसान झाले.

पाचशेहून अधिक चित्रांपैकी सुमारे दोनशे आज उपलब्ध आहेत, आणि त्यांतील अनेकांचा शोध घेण्यात नात मादलेन यांनी आपले आयुष्य वेचले. ‘चंद्रावरची सफर’ची हाताने रंगविलेली एक जीर्ण प्रत १९९३ साली बार्सिलोनात मिळाली; ती दुरुस्त करून २०११ साली कान महोत्सवात दाखविली गेली. त्याच वर्षी नाताळच्या हंगामात आलेल्या मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘ह्यूगो’ या चित्रपटातील स्टेशनावरचा वृद्ध खेळणीवाला म्हणजे हेच मेलिएस. सुटीत मुलांना घेऊन अवश्य पाहावा असा हा चित्रपट आहे.

सणासुदीची करमणूक ही क्षणभराची, असे मानून आपण ती विसरतो. परमुलखात गणेशोत्सवाचे नाटक बसविणारे, हस्तलिखित अंक सजविणारे, कोजागरीला दूध आटविता आटविता पदे म्हणणारे अनेकजण आपल्या मंडळात होऊन गेले. त्यांची छायाचित्रे, ध्वनिफिती आणि कार्यक्रमपत्रिका आजही कोणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत पडून असतील. बदलीचा हुकूम आला, की सामान कमी करताना प्रथम असेच कागद रद्दीत जातात. पन्नास वर्षांच्या या टप्प्यावर ते शोधून मंडळाच्या कपाटात आणून ठेवावेत, आणि ज्यांनी ते निर्माण केले त्यांपैकी जे वयोवृद्ध आपल्यात आहेत, त्यांना त्यांच्या हयातीत व्यासपीठावर बोलावून घ्यावे. त्यासाठी शतक महोत्सवाची वाट पाहू नये.