निपाणीची परिषद आणि रुपयाचा प्रबंध

१९२५ च्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या चिकोडी तालुक्यातील निपाणी येथे मुंबई इलाख्यातील बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली. अध्यक्ष होते बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि निपाणी ही तंबाखूची नामांकित पेठ होती. त्याच वर्षी १५ डिसेंबर रोजी हेच आंबेडकर हिंदी चलनाच्या चौकशीसाठी आलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्षीला बसले. एका ठिकाणी विषय माणसाच्या हक्काचा, दुसऱ्या ठिकाणी रुपयाच्या किमतीचा. बाबासाहेबांच्या चरित्रात हे दोन्ही प्रसंग येतात. पण पहिला विस्ताराने आणि दुसरा बहुधा एका ओळीत. त्या ओळीमागे मात्र दहा-बारा वर्षांचे कष्ट आहेत.

१८९१ साली महू येथे जन्मलेले भीमराव बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढच्याच वर्षी त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांच्या सामानाची बोट बुडवली गेली आणि जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांनी पगारातून पैसा साठवला. त्यात शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज मिळवून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले. पोटाला चिमटा घेऊन दिवसभर ग्रंथालयात बसायचे आणि रात्री पापड व गरम पेयावर भागवून पुन्हा वाचायला लागायचे, असा तो काळ होता.

या अभ्यासाचा विषय समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. रुपया चांदीचा आणि इंग्लंडचे पौंड-शिलिंग सोन्याचे. १८७० नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली, तसा सुमारे दोन शिलिंगांना जाणारा रुपया घसरत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडमध्ये मोठ्या रकमा सोन्याच्या हिशेबाने भराव्या लागत. रुपया घसरला की तेवढेच देणे फेडायला जास्त रुपये लागत आणि ते करातूनच यायचे. म्हणून १८९३ मध्ये सरकारने लोकांसाठी चांदीची नाणी पाडून देणे बंद केले आणि पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सवर बांधला. पंधरा रुपयांना एक पौंड, असा तो हिशेब. सोन्याचे नाणे मात्र देशात रूढ झाले नाही. रुपया चांदीचाच राहिला. त्याची परदेशी किंमत लंडनमध्ये हुंड्या विकून आणि राखीव निधी वापरून सांभाळली जाऊ लागली. या पद्धतीला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात तिची भलामण केली होती आणि अर्थशास्त्राच्या जगात तिचा बोलबाला होता.

आंबेडकरांनी नेमक्या याच पद्धतीवर बोट ठेवले. रुपयाचा विलायतेतील दर स्थिर राहिला म्हणजे चलन स्थिर झाले, हे त्यांना मान्य नव्हते. सामान्य माणूस पौंड विकत घेत नाही, तो ज्वारी, मीठ आणि कापड घेतो. तेव्हा खरी कसोटी रुपयाच्या बाजारातील खरेदीशक्तीची, हा त्यांच्या प्रबंधाचा कणा होता. लोकांसाठी टांकसाळ बंद, पण सरकारला हवे तितके रुपये पाडण्याची मुभा. अशा व्यवस्थेत चलन वाढत जाते आणि त्याबरोबर भाव चढतात, हे त्यांनी आकडेवारीने मांडले. त्यांचा उपाय कठोर होता. रुपये पाडणे लोकांसाठी आणि सरकारसाठीही कायमचे थांबवावे, सोन्याची टांकसाळ उघडावी आणि दोन्ही नाण्यांचे प्रमाण कायद्याने ठरवावे. सरकारच्या शहाणपणावर विसंबण्यापेक्षा त्याचे हात बांधलेले बरे, असा हा विचार. आज काहीसा ताठर वाटणारा हा उपाय १९२० च्या अनुभवाच्या उजेडात पाहावा लागतो. त्या वर्षी सरकारने रुपया दोन शिलिंगांवर टिकवण्याचा हट्ट धरला, त्यापायी लंडनमधील निधी पाण्यासारखा ओतला आणि काही महिन्यांतच हात टेकले. प्रबंध लिहिणारा विद्यार्थी तेव्हा लंडनमध्येच होता.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध सादर झाला. ब्रिटिश धोरणावरील त्यातील टीका परीक्षकांना झोंबली आणि मांडणी बदलण्याची सूचना आली. मधल्या काळात आंबेडकर जर्मनीत बॉन विद्यापीठात शिकण्यासाठी गेले होते. जर्मन मार्क तेव्हा दिवसेंदिवस कोसळत होता. चलनाच्या अभ्यासकाला याहून भयंकर धडा दुसरीकडे मिळाला नसता. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले. पैसे संपले होते. निष्कर्ष न बदलता त्यांनी मांडणी सुधारली, प्रबंध पुन्हा लंडनला पाठवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डी. एस्सी. पदवी मिळवली. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे पुस्तक लंडनच्या पी. एस. किंग प्रकाशनाने काढले. प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक एडविन कॅनन यांना शिष्याची बरीच मते पटत नव्हती आणि त्यांनी तसे प्रस्तावनेतच नोंदवले. शिष्याने ती तशीच छापू दिली. गुरू-शिष्य दोघांचाही हा मोठेपणा म्हणावा लागेल.

यानंतर आले १९२५. एप्रिलमध्ये निपाणी, डिसेंबरमध्ये आयोग. रुपया एक शिलिंग चार पेन्सचा असावा की सहा पेन्सचा, या वादाने तेव्हा देश ढवळून निघाला होता. गिरणीमालक, निर्यातदार आणि बहुतेक राष्ट्रीय पुढारी स्वस्त रुपयाच्या बाजूचे होते. आयोगाचे सदस्य पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी त्यासाठी भिन्नमतपत्रिका जोडली. आंबेडकरांनी वेगळाच प्रश्न विचारला: स्वस्त रुपयाचा लाभ होतो कोणाला? रुपया उतरला की निर्यातदाराच्या हाती अधिक रुपये येतात, पण बाजारात भाव चढतात आणि मजुरी त्या वेगाने चढत नाही. म्हणजे निर्यातदाराचा नफा मजुराच्या ताटातून येतो. ज्या समाजाच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी निपाणीत भूषवले, तो मुख्यतः मजुरीवर जगणारा होता. दोन्ही प्रसंगांतील धागा येथे जुळतो. १९२७ च्या कायद्याने दर एक शिलिंग सहा पेन्स ठरला.

रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथाबरहुकूम उभी राहिली, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. अभिमान समजण्यासारखा आहे, पण हे विधान जसेच्या तसे टिकत नाही. मध्यवर्ती बँकेची शिफारस हिल्टन यंग आयोगाने केली, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. आयोगापुढे साक्षीदार अनेक होते आणि मध्यवर्ती बँकेची कल्पना त्याआधीही चर्चेत होती. शिवाय चलनाच्या प्रमाणावर कायद्याची कायमची मर्यादा घालणारी आंबेडकरांची योजना आयोगाने उचलली नाही. त्यांचे खरे श्रेय निराळे आहे आणि ते लहान नाही. परदेशी दर आणि देशातील भाव यांपैकी कोणाला प्राधान्य द्यायचे, हा प्रश्न त्यांनी भावांच्या बाजूने सोडवला. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेला महागाई चार टक्क्यांच्या आसपास राखण्याचे लक्ष्य कायद्याने बांधून दिले आहे. साधने बदलली, पण प्राधान्याचा तो क्रम आज सरकारी धोरण झाला आहे.

गोमंतकीय वाचकांना या कथेत आणखी एक गोष्ट जवळची वाटावी. १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज कराराने गोव्याचे चलन ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाशी एकरूप झाले. १८८१-८२ ची पोर्तुगीज राजाच्या मुद्रेची चांदीची रुपिया वजनाने आणि कसाने ब्रिटिश रुपयासारखीच होती आणि ती पाडली गेली कलकत्त्याच्या टांकसाळीत! करार १८९२ मध्ये संपला, तरी रुपिया रुपयाबरोबरच चालत राहिली. पुढे बांकू नासियोनाल उल्त्रामारिनूच्या नोटाही रुपियांतच निघाल्या. घाटावरून उतरणाऱ्या मालाशी गोव्याची चूल बांधलेली असल्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. अर्थात शिमल्याला आणि लंडनला रुपयाविषयी जे ठरे, ते म्हापशाच्या बाजारात आपोआप लागू होई आणि त्यात पणजीच्या सरकारला शब्द नसे. लहान, खुल्या अर्थव्यवस्थेला शेजाऱ्याच्या चलनाशी दर बांधून घेतल्यावर स्वतःचे भाव स्वतंत्रपणे सांभाळता येत नाहीत, हे आजचे मध्यवर्ती बँकांचे संशोधक सूत्रांनी मांडतात. गोव्याने ते तीन पिढ्या अनुभवले. १९५८ मध्ये पोर्तुगालने रुपिया रद्द करून सहा एस्कुदोंना एक रुपिया या दराने एस्कुदो आणला.

आंबेडकर पुन्हा पूर्णवेळ अर्थशास्त्राकडे वळू शकले नाहीत. महाड, नाशिक, गोलमेज परिषद, स्वतंत्र मजूर पक्ष, खोतीविरोधी विधेयक, व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूर खाते, मग संविधान. १९४७ मध्ये पुस्तकाची भारतीय आवृत्ती निघाली. तिला त्यांनी चलन आणि बँकिंगच्या इतिहासाचा पहिला खंड म्हटले. १९२३ नंतरची हकिकत सांगणारा दुसरा खंड लिहायचा राहून गेला. १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना त्यांनी जी कारणे दिली, त्यात अर्थशास्त्राचे शिक्षण असूनही आर्थिक खात्यांपासून आपल्याला दूर ठेवल्याची खंतही होती.

सीमाभागाने मात्र त्यांना अंतर दिले नाही. निपाणीचे बळवंतराव वराळे त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांपैकी होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत निधन झाले. त्याच्या महिनाभर आधी राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला होता. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत चिकोडी मतदारसंघाने बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार दत्ता अप्पा कट्टी यांना निवडून दिले.