मॉलचा नाराज जनक : व्हिक्टर ग्रुएन

रविवारी संध्याकाळी मेस बंद असली की आपली गँग कुठे सापडते? मॉलमध्ये! खिशात पैसे असोत-नसोत, फुकटचा एसी आणि टाइमपास. पण मित्रहो, ज्या माणसाला मॉलचा जनक म्हणतात, त्यालाच शेवटी आपलं हे अपत्य नकोसं झालं होतं.

व्हिक्टर ग्रुएन यांचा जन्म १८ जुलै १९०३ रोजी व्हिएन्नातल्या ज्यू कुटुंबात झाला. आर्किटेक्चर शिकलेला हा तरुण दुकानांचे आराखडे करायचा आणि फावल्या वेळात राजकीय विडंबनाची नाटुकली. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि त्यांना देश सोडावा लागला. न्यूयॉर्कला उतरले तेव्हा खिशात अवघे ८ डॉलर होते असं सांगतात.

महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरं भराभर वाढली. घरातून निघायचं ते गाडीत बसायचं, दुकानापाशी उतरायचं, परत गाडीत! मग माणसं एकमेकांना भेटणार कुठे? ग्रुएन यांच्या डोळ्यांपुढे व्हिएन्नाचे चौक होते. गाड्या बाहेर ठेवायच्या आणि आत माणसांसाठी चौक करायचा, असं त्यांनी ठरवलं. १९५४ मध्ये डेट्रॉइटजवळ त्यांचं नॉर्थलँड उभं राहिलं. ते उघड्यावरचं होतं. मिनेसोटात मात्र थंडी हाडं गोठवणारी. म्हणून ऑक्टोबर १९५६ मध्ये तिथे सुरू झालेल्या साउथडेलवर त्यांनी अख्खं छप्परच घातलं. ७२ दुकानं, मधोमध झाडं आणि पक्ष्यांचा पिंजरा असलेलं अंगण, आणि बाराही महिने साधारण २४ अंश तापमान. पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित असा हा अमेरिकेतला पहिला मॉल मानतात.

पण हा झाला अर्धाच आराखडा! मूळ प्लॅनमध्ये भोवती घरं, शाळा, दवाखाने, बाग, तळंसुद्धा होतं. दुकानं झाली, आसपासच्या जमिनीचे भाव चढले, आणि ग्रुएन यांनी आखलेलं गाव मात्र कागदावरच राहिलं. मॉलभोवती आलं ते हजारो गाड्यांचं पार्किंग. पुढे देशभर नक्कल झाली तीही या अर्ध्याचीच. जुन्या शहरांच्या पेठा ओस पडू लागल्या.

१९६८ मध्ये ते व्हिएन्नाला परतले. १९७६ मध्ये त्याच शहराच्या दक्षिणेला एक अवाढव्य मॉल उघडला! १९७८ मध्ये लंडनच्या एका भाषणात त्यांनी अशा मॉल्सचं पितृत्व साफ नाकारलं. १४ फेब्रुवारी १९८० रोजी ते वारले. मॉलमध्ये शिरल्यावर काय घ्यायला आलो तेच विसरून भरकटणं, याला आज ‘ग्रुएन ट्रान्सफर’ म्हणतात. नाव राहिलं, तेही असं.

उद्या आपणही शीटवर प्लॅन काढू. क्लायंट त्यातला पैसे देणारा तुकडा उचलेल आणि बाकीचा पुसून टाकेल. तेव्हा कुठे अडून बसायचं, हे आत्ताच ठरवलेलं बरं. आणि हो, पुढच्या रविवारी मॉलमध्ये गेलात तर काहीही विकत न घेता गप्पा मारत बसता येईल असा एखादा बाक सापडतो का, तेवढं बघा. सापडला तर समजा, ग्रुएन यांचा चौक तेवढाच उरलाय.