परदेशातून आलेली सावित्री

26 जानेवारीला हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये परेड बघताना रूममेटने विचारलं, "परमवीर चक्राचं डिझाइन कोणी केलं गं?" सगळ्या गप्प! मग मीच शोधायला बसले.

ते केलं सावित्रीबाई खानोलकर यांनी. मूळ नाव ईव्ह. जन्म 1913 चा, स्वित्झर्लंडमधला. वडील हंगेरियन, आई रशियन. लहान वयातच विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी ओळख झाली. वडिलांचा विरोध होता, तरी ती भारतात आली आणि 1932 मध्ये लग्न झालं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची, म्हणजे माझ्याहून एकाने लहान! इथे येऊन ती मराठी, हिंदी, संस्कृत शिकली. वेद-पुराणं वाचली.

स्वातंत्र्यानंतर नवी शौर्यपदकं हवी होती. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी हे काम सावित्रीबाईंना सांगितलं. त्यांना आठवले दधीची ऋषी. देवांना शस्त्र हवं होतं म्हणून त्यांनी देह सोडला आणि त्यांच्या हाडांपासून इंद्राचं वज्र तयार झालं. दुसऱ्यांसाठी स्वतःला देऊन टाकणं, हाच तर सैनिकाचा अर्थ! म्हणून त्या गोल पदकावर चार वज्रं आहेत आणि मधोमध राजमुद्रा. धातू साधं कांस्य, सोनं-चांदी नाही. फीत जांभळी.

26 जानेवारी 1950 ला पदक जाहीर झालं आणि 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरलं गेलं. पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा. हात प्लास्टरमध्ये असूनही ते 3 नोव्हेंबर 1947 ला काश्मीरमधील बडगाम इथे लढले आणि तिथेच शहीद झाले. ते सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर! म्हणजे बाईंनी आखलेलं पहिलं पदक त्यांच्याच नात्यात आलं, आणि तेही मरणोत्तर. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

1952 मध्ये विक्रम गेले. पुढे सावित्रीबाई अध्यात्माकडे वळल्या, रामकृष्ण मठाच्या सहवासात राहिल्या. 1990 मध्ये त्यांचं निधन झालं.

खरं सांगू? मी कॉन्व्हेंटची. वज्र म्हणजे काय, हे मला डिक्शनरीत बघावं लागलं. आजी गोष्ट सांगायची तेव्हा मी कार्टून लावायचे. परदेशातून आलेल्या एका मुलीने ती गोष्ट मन लावून ऐकली आणि सैनिकांच्या छातीवर नेऊन ठेवली. या सुट्टीत आजीला म्हणणार आहे, दधीचींची गोष्ट परत सांग. टीव्ही बंद करून ऐकेन.