गोष्टींचे चित्रकार धुरंधर

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी सुरतेला मामांकडे गेले होते. त्यांच्या कपाटात ऑटो रॉथफील्ड यांचे भारतीय स्त्रियांविषयीचे, १९२० च्या सुमारास छापलेले जुने इंग्रजी पुस्तक होते. चाळताना सुरतेच्या एका बोहरा स्त्रीचे रंगीत चित्र दिसले. चित्र सुरतेचे, पण चित्रकार आपल्या कोल्हापूरचे, महादेव विश्वनाथ धुरंधर! मला मोठा आनंद झाला. मामा मात्र म्हणाले की, पुस्तकांत चित्रे काढणारा तो कसला मोठा कलावंत! ते बोलणे माझ्या मनाला लागले आणि मी धुरंधरांचे चरित्र वाचू लागले.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. पुढे त्याच शाळेत ते शिक्षक झाले आणि १९३० मध्ये काही काळ तिचे प्रमुखपदही त्यांनी सांभाळले. हा मान मिळवणारे ते पहिलेच भारतीय. नवी दिल्लीच्या सचिवालयासाठीही त्यांनी चित्रे रंगविली.

एवढ्या मानाचा माणूस छापखान्यासाठी चित्रे काढण्यात कमीपणा मानत नव्हता, हे मला विशेष वाटते. त्याच काळात अमेरिकेत हॉवर्ड पाइल मासिकांतील कथांसाठी चित्रे काढत होते आणि ती विद्या शिष्यांना शिकवीत होते. छायाचित्राच्या तंत्राने ब्लॉक तयार होऊ लागल्यामुळे चित्रकाराची छटान् छटा कागदावर उतरू लागली होती. आपल्याकडे त्या सोयीचे चीज धुरंधरांनी केले. १९१४ मध्ये सी. ए. किंकेड यांनी आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या, त्यांना चित्रे धुरंधरांची. आजीच्या तोंडून ऐकलेल्या राजाराण्यांना त्यांनी आपल्याच घरातील लुगडी नेसविली, आपलेच दागिने घातले.

गुजराती वाचकही त्यांना परके नव्हते. हाजी महंमद अलारखिया शिवजी यांनी १९१६ मध्ये मुंबईतून ‘वीसमी सदी’ हे सचित्र मासिक काढले. त्यातही धुरंधरांची चित्रे येत. चित्रांच्या हौसेपायी हाजींनी पदरचा पैसा ओतला. १९२१ मध्ये ते वारले आणि मासिकही टिकले नाही. परंतु त्यासाठी चित्रे काढणारे रविशंकर रावळ यांनी १९२४ मध्ये अहमदाबादेत ‘कुमार’ सुरू केले. लावलेले रोप असे दुसऱ्या अंगणात वाढले.

१ जून १९४४ रोजी धुरंधर निवर्तले. पुढच्या पिढीतील काहींनी त्यांची कला जुन्या वळणाची म्हणून बाजूला सारली. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा पुन्हा लोकांचे लक्ष तिकडे वळले.

मित्रांनो, तैलचित्र एका भिंतीवर राहते. ते पाहायला महालात किंवा संग्रहालयात जावे लागते, आणि तेथे जाण्याचे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही. छापील चित्र मात्र आपण होऊन घरी येते. एरवी कोल्हापूरच्या चित्रकाराची आणि माझी भेट सुरतेच्या एका कपाटात कशी झाली असती? मामांना मी आता हेच विचारणार आहे. ज्याला ते मोठा कलावंत मानत नाहीत, त्याचे पुस्तक इतकी वर्षे त्यांनी रद्दीत का बरे घातले नाही?