ब्राझीलचे प्रेषित संत जोझे दे आंशिएता

आमच्या ज्युबिलीच्या या अंकांत एका दूरदेशच्या संताची ओळख करून द्यावी असें आम्हांस वाटलें. फादर स्टीफन्स यांचें नांव आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. ते १५७९ सालीं गोव्यास आले, तेव्हां येशूसंघाचेच फादर जोझे दे आंशिएता हे ब्राझीलमध्यें तेथील आदिवासींच्या तुपी भाषेंत पुष्कळ वर्षें लिहीत होते.

त्यांचा जन्म कॅनरी बेटांतील तेनेरीफ येथें १९ मार्च १५३४ रोजीं झाला. कोइंब्रा येथें शिकत असतां १५५१ सालीं ते येशूसंघांत शिरले. लवकरच पाठीच्या दुखण्यानें जर्जर झाले, व १५५३ सालीं हवापालट म्हणून त्यांस ब्राझीलला धाडण्यांत आलें.

तेथें नुकताच एक वाद माजला होता. फादर नोब्रेगा यांच्या शाळेंतील मुलें ख्रिस्ती गीतें तुपी चालींवर, तुपी वाद्यें वाजवून गात. १५५२ सालीं आलेले बिशप सार्दिन्हा यांस हें मुळींच रुचलें नाहीं. तरुण आंशिएता मात्र नोब्रेगांच्याच वाटेनें गेले. २५ जानेवारी १५५४ रोजीं पिरातिनिंगाच्या पठारावर नव्या शाळेचा पहिला मिस्साबलि झाला. आजचें साओ पावलो शहर तेथूनच वाढलें. चौदा पावलें लांब व दहा पावलें रुंद अशी ती कुडाची झोंपडी! तीच शाळा, तोच दवाखाना, निजणें-जेवणें तेथेंच आणि चूलही तेथेंच. पुस्तकें नव्हतीं, म्हणून हे विशींतले गुरुजी प्रत्येक विद्यार्थ्यासाठीं धडे स्वतः हातानें लिहून काढीत. मुलांस लॅटिन शिकवितां शिकवितां ते तुपींत पारंगत झाले.

१५६६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली आणि १५७७ पासून सुमारें दहा वर्षें ते प्रांताधिकारी होते. त्या कारभारापेक्षां त्यांनीं घडविलेलीं गांवचीं फेस्तें आम्हांस अधिक मोलाचीं वाटतात. सणासाठीं ते तुपी, पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांत नाटकें रचीत. रिओसमोर आरारिबोइया या नायकानें वसविलेल्या साओ लोरेन्सो गांवीं संत लॉरेन्सच्या सणाचें नाटक झालें, त्याच्या अखेरीस बारा मुलें मिरवणुकींत नाचतात.

परंतु त्याच नाटकांत सैतानांस ग्वाइशारा व आइंबिरे अशीं नांवें आहेत, आणि तीं पोर्तुगीजांशीं लढलेल्या तामोयो लोकांच्या नायकांचीं. हे लोक त्या गांवकऱ्यांचे जुने वैरी होते, हें खरें. तरी १५६३ सालीं तहासाठीं ज्यांच्यामध्यें आंशिएता स्वतः कित्येक महिने ओलीस राहिले, त्यांच्याच वीरांस मुलांपुढें सैतान ठरवावें, हें आमच्या मनास बोंचतें. संताचें चरित्र म्हणून तें झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

१५९५ सालीं कोइंब्रा येथें त्यांचें तुपी व्याकरण छापून निघालें. त्या भाषेचें छापलेलें तें पहिलेंच. ९ जून १५९७ रोजीं रेरितिबा गांवीं ते प्रभूघरीं गेले. पोप फ्रान्सिस यांनीं ३ एप्रिल २०१४ रोजीं त्यांस संतपद दिलें.

मध्यंतरीं रोगराई, गुलामगिरी आणि अठराव्या शतकांतील पोर्तुगीज सरकारचे हुकूम यांपुढें किनाऱ्यावरची ती जुनी तुपी घराघरांतून नाहींशी झाली. पाराइबा प्रांतांतील पोतिग्वारा लोकांनीं मात्र टोरे हें आपलें रिंगणाचें नृत्य टिकविलें. त्यांत मुलेंही थोरांबरोबर नाचतात. या शतकाच्या आरंभापासून ते आपल्या शाळांतून मुलांस तुपी पुन्हां शिकवूं लागले आहेत, आणि हरवलेले शब्द हुडकावयाचे ते आंशिएता व त्यांच्या काळच्या फादरांनीं लिहून ठेवलेल्या ग्रंथांतूनच.