बाबासाहेबांची घरे

पंचवीस वर्षांपूर्वी घराची किल्ली हातात पडली तेव्हा काय वाटले, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि मनात आले, की खिशात पैसे आणि हातात पदव्या असूनही ज्यांना राहायला जागा मिळेना, अशा एका थोर माणसाबद्दल लिहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. पुढे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, झोप, अभ्यास, सगळे तिथेच. वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागायचे, मग भीमरावांना अभ्यासाला उठवून त्यांच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. त्या खोलीतून ते 1907 साली मॅट्रिक झाले आणि पुढे 1912 साली बी.ए. झाले.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्क, लंडनला शिकून आले आणि सप्टेंबर 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. शहरात एकही हॉटेल त्यांना घेईना. शेवटी पारशी नाव सांगून एका पथिकाश्रमात रोज दीड रुपया भाड्याने राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला बजावून गेला. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, तोही मिळाला नाही. दुपारभर ते कामाठी बागेत बसून होते. रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

मुंबईत परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांनी संसार केला. 1930 नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, त्यात ग्रंथांसाठी मुद्दाम जागा ठेवली. रमाबाईंना मात्र ते घर फार दिवस लाभले नाही. 27 मे 1935 रोजी तिथेच त्या गेल्या.

हॉटेलात जागा नाकारलेल्या या माणसाच्या अध्यक्षतेखालच्या समितीने राज्यघटनेचा मसुदा केला. 15व्या कलमाने हॉटेले, दुकाने सर्वांना खुली झाली, 17व्याने अस्पृश्यता नष्ट केली. भाड्याच्या घराचे दार मात्र अजून अर्धवटच उघडले आहे. 2005 साली सर्वोच्च न्यायालयानेही एका गृहनिर्माण सोसायटीचा ठरावीक समाजालाच सभासद करून घेण्याचा नियम ग्राह्य धरला.

गावात वेस होती. शहरात वेस नाही, तरी चाळी, वाड्या, वस्त्या जातीजातीने वसल्या. घर जिथे मिळते तिथलीच शाळा मिळते, तिथल्याच ओळखी होतात. बँकेत उभी हयात कर्जे पाहण्यात गेली म्हणून सांगतो, तारण ठेवायला घर असले की मुलाच्या धंद्याला कर्ज लवकर मंजूर होते. आजोबांना चांगल्या वस्तीत जागा नाकारली, की नातवाचे तारणही गेलेच समजा.

आता माझेच सांगतो. मी कमिटीवर असताना एका सभासदाचा फ्लॅट भाड्याने घ्यायला एक कुटुंब आले. नोकरी पक्की, कागदपत्रे पूर्ण. आडनाव वाचल्यावर मिटिंगमध्ये कुजबुज झाली आणि आणखी एक कागद मागायचे ठरले. मग आणखी एक. तिसऱ्या खेपेला ते लोक आलेच नाहीत. कोणी नाही म्हटले नव्हते, इतिवृत्तात काही नोंद नाही. कर्जाच्या अर्जात फक्त उत्पन्न, वय आणि तारण पाहणारा मी, त्या दिवशी गप्प बसलो. ते अजून बोचते.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडतो आहे. भाडेकरूंसाठी कागदपत्रांची एकच यादी नोटीस बोर्डावर लावावी, ती पूर्ण असल्यास सात दिवसांत होकार द्यावा, आणि नकार असेल तर कारण लेखी द्यावे. सूचक मी आहे. अनुमोदक हवा आहे.